ऊब ओळखणारा डोळा

जिंतूरच्या वरच्या अंगाला आमचं रान. रानडुकरांनी हरभऱ्याचा दरसाल फडशा पाडायला सुरुवात केली, तेव्हा धाकट्या भावाने बांधावर खांब रोवून अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा बसवला. जनावर कुंपणाजवळ आलं की भोंगा वाजणार आणि कुंपणात करंट सुटणार. माणूस दिसला तर दोन्ही गप्प. घरातला मिक्सर ज्याला धड दुरुस्त करता येत नाही, त्याचं हे यंत्र! मी खूप हसले. तरी बरं, करंट जोडण्याआधी नुसता भोंगा तपासायचं ठरलं होतं.

सकाळच्या गारठ्यात मोबाईलवर चित्र बघितलं आणि माझं हसू विरलं. काळ्या पडद्यावर शेळी पांढरी, कुत्रा पांढरा, मीही पांढरी. कपडे नाहीत, रंग नाही, वय नाही. नुसती जिवाची ऊब. समोर कुंपणाच्या खांबावर टेकवलेला हात मी काढून घेतला, तरी पंजा तिथे उजळ राहिला आणि हळूहळू विझला. लहान पोरीसारखी मी पुन्हा पुन्हा हात टेकवत राहिले. शेळीभोवती चौकट यायची ‘प्राणी’, माझ्याभोवती ‘माणूस’. देवाची करणी आणि नारळात पाणी म्हणतात. ही तर आमच्या भावाची करणी होती.

तेवढ्यात भोंगा कोकलला. कुंपणाजवळच्या कापसातून माय येत होती. कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी फुगलेली, जन्मभराच्या खुरपणीने पाठ वाकलेली, हात जमिनीला टेकायला आलेले. तिच्याभोवतीच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘प्राणी’.

करंट जोडलेला असता तर?

भावाचा चेहरा उतरला. “मशीनला वाकलेलं माणूस ठाव न्हाई, माय. तू वेचत ऱ्हाय, मी शिकवतो तिला.”

माय दिवसभर कॅमेऱ्यासमोर कापूस वेचत राहिली आणि भाऊ तिची चित्रं यंत्राला दाखवत बसला. दिवस मावळताना ती तशीच वाकून बांधावर आली. भोंगा वाजला नाही. पडद्यावर ती पांढरीशुभ्र, भोवती ‘माणूस’. माझे डोळे भरून आले. तिला सरळ उभं राहावं लागलं नव्हतं.

भाऊ करंटची वायर घेऊन उठला.

“वळखलं न्हवं मला?” मायने विचारलं.

“वळखलं की!”

“मग आता गावातल्या समद्या वाकलेल्या बायांना आनतो का हितं, वळख करून द्यायला?”

भावाने वायर गुंडाळली. आमच्या रानात अजून नुसता भोंगाच वाजतो.