पिंपळपानाची पायरी

लातूरला आमच्या वरच्या मजल्यावर शिकवणीच्या मुली राहतात. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. एखादा रविवार परीक्षेशिवाय मिळाला की खाली येऊन विचारतात, "काकू, एका दिवसात जाऊन येण्यासारखं इथं काय आहे?" मी सांगते, औशाचा किल्ला आहे, खरोशाची लेणी आहेत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते. निघताना बजावते, लामजन्याला निलंग्याचाच रस्ता धरा, किल्लारीच्या फाट्याला लागू नका. त्यांना वाटतं, रस्ता खराब असेल.

त्या फाट्यावरून आत माझं गाव होतं.

वडील शाळेत मास्तर होते. आमच्या बौद्ध वस्तीत तोवर सगळी घरं कुडाची, फार तर पत्र्याची. वडिलांना मात्र गावातल्या मोठ्या लोकांसारखं दगडाचं घर हवं होतं. जाड भिंती, वर सागवानी माळवद, त्यावर हातभर पांढरी माती. "दगड काय आपल्यालाच चावतो का?" असं म्हणायचे. घर झालं तेव्हा दाराच्या पायरीसाठी त्यांनी एक लांब काळा दगड आणला आणि पाथरवटाकडून त्यावर पिंपळाचं पान कोरून घेतलं. मी तेव्हा सातवीत होते, शाळेतून आले की पाथरवटासमोर उकिडवी बसायचे. शेवटी शेवटी त्याची छिन्नी घसरली आणि पानाचं टोक वाकडं झालं. तो बिचारा घाबरला. वडील म्हणाले, राहू दे, झाडावरचं पान तरी कुठं सरळ असतं.

भूकंप झाला त्या पहाटे वस्तीतले कूड हलले, पत्रे खडखडले आणि माणसं उघड्यावर पळाली. वस्तीत दगडाचं घर एकच होतं. त्यात माझे आई, वडील आणि दोन भाऊ झोपले होते.

मी लातूरला होते, बारावी सायन्सला. तेव्हाही शिकवण्या होत्याच, आजच्याएवढ्या इमारती नव्हत्या इतकंच. त्या दिवशी चाचणीचा पेपर होता आणि वडिलांनीच निरोप धाडला होता, पेपर बुडवून येऊ नको. मी वाचले ती अशी. मामानं मला गावाकडे जाऊ दिलं नाही. "बघण्यासारखं काही न्हाई राहिलं," म्हणाला. चौघांना इतरांबरोबर एकाच ठिकाणी अग्नी दिला, तेही मला नंतर कळलं. मी बारावीला बसले म्हणतात. मला त्यातला एक प्रश्न आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मामानं माझं लग्न नांदेडला लावून दिलं. उरलेल्या पोरींची लग्नं तेव्हा अशीच उरकली गेली. सासू वाईट नव्हती. जेवायला आधी वाढायची, आजारी पडले तर उशाशी बसायची. त्या घरात एकही देव नव्हता, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. सासूच्या सासऱ्यांनी सगळे टाक नदीत सोडले होते आणि ती गोष्ट ती अभिमानानं सांगायची. पण "सगळं घर खाऊन आलेली पोर" ही भीती मात्र तिनं जपून ठेवली होती. देव गेले, अपशकुन राहिला. माहेरच्या गावाचं नाव काढलं की म्हणायची, "मागचं मागं टाक, पोरी. तिकडचं काई घरात आणून नको ठेवूस." नवरा भला माणूस, पण आईपुढं त्याची दातखीळ बसायची. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी मी गावाच्या वाटेला गेले नव्हते. मला काही नको होतं. एकदा आमच्या दारात उभं राहायचं होतं.

अशात नणंदेला पुण्याचं स्थळ आलं. तिची दोन स्थळं हाता-तोंडाशी येऊन मोडली होती. त्या घरात माझ्याशी मोकळं बोलणारी ती एकटीच, त्यामुळे हे जुळावं असं मलाही मनापासून वाटत होतं. मुलाचे आईवडील बघायला आले. वडील बँकेतून निवृत्त झालेले, जुन्या मूर्ती-शिल्पांचे वेडे, गळ्यात कायम कॅमेरा. खरोशाच्या लेण्यात बुद्धाची मूर्ती आहे हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांची परतीची गाडी संध्याकाळी लातूरहून होती, म्हणून सासऱ्यांनी आम्हा सगळ्यांसाठी जीप ठरवली. जाता जाता लेणी दाखवू, मग गाडीत बसवून देऊ.

निघायच्या आधी सासूनं मला चुलीपाशी गाठलं. "माहेर इचारलं तर लातूर सांग. मामाचं घर म्हंजी माहेरच की. तुझ्यापायी माझ्या लेकीचं मोडाया नको." हे ऐकून मला राग आला. पण पलीकडे नणंद नव्या साडीच्या निऱ्या घालत गुणगुणत होती. मी मान हलवली.

लामजन्याला फाटा आला. आमची जीप निलंग्याच्या रस्त्याला लागली आणि मी मान वळवून मागे बघत राहिले. सासूनं माझा पदर ओढला.

खरोशाचा डोंगर कसला, टेकडीच. लाल दगडात खोदलेल्या अंधाऱ्या खोल्या, वटवाघळांचा वास, आणि भिंतींवरच्या मूर्ती इतक्या झिजलेल्या की तोंडं नाहीशी झाली होती. दगडी छताखाली जायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. मी दाराजवळच्या खांबाला हात लावून उभी राहिले. सगळ्यांनी बुद्धापुढे त्रिसरण म्हटलं, मीही लांबूनच म्हटलं. मग पाहुण्यांनी छताकडे बोट दाखवलं.

"चौदाशे वर्षं झाली असतील. एवढा भूकंप झाला इथं, पण बघा, याला धक्का नाही. याला म्हणतात काम!"

सासऱ्यांनी तोंडात बोट घातलं. माझ्या वडिलांचं छत सहा पावसाळे टिकलं. त्यांनीही काम चांगलंच करून घेतलं होतं, हे मला त्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

डोंगराखाली झाडाच्या सावलीत जेवणं झाली. हात धुता धुता पाहुणे म्हणाले, "भूकंपाची गावं इथून जवळच ना? आलोच आहोत तर तेही बघून घेऊ."

"गाडी चुकंल तुमची," सासू घाईनं म्हणाली.

"छे हो, वेळ भरपूर आहे."

मुलाकडचे ते. सासऱ्यांच्यानं नाही म्हणवेना. जीपवाला तर तयारच होता, त्या काळात तो धंदाच झाला होता, माणसं किल्ले बघावेत तशी ती गावं बघायला यायची. सासू माझ्याकडे रोखून बघत होती. आणि मला काय वाटलं ते सांगते: मला आनंद झाला. परकी म्हणून का होईना, मी घरी चालले होते. जीपवाल्यानं वाटेतल्या दोन-तीन गावांची नावं सांगितली, त्यातलं रस्त्याला लागून असलेलं पाहुण्यांनी निवडलं. ते आमचं निघालं. नवऱ्यानं माझ्याकडे चटकन पाहिलं आणि मग बाहेर बघायला लागला.

वसवलेलं नवं गाव पलीकडे दूर होतं, सरळ रेषेत मांडलेल्या घरांचं. जुन्या गावात वेडी बाभूळ माजलेली आणि दगडांचे ढीग. कुठं गल्ली आणि कुठं भिंत काही कळेना. लाकूड कधीच लोकांनी नेलं होतं. मी ज्या गावात डोळे मिटून पाण्याला जात होते, तिथं मला पाऊल टाकायला दिशा सापडत नव्हती. शेवटी आमच्या वस्तीचा आड दिसला. आडापासून मग माझे पायच मला घेऊन निघाले. पण पाहुणे पुढे होते.

"अरे वा! इकडे या, हे बघा काय आहे!"

ते बुटानं माती सारत होते. मातीखालून आमची पायरी निघाली, त्यावर पान, पानाचं वाकडं टोक.

पाहुणे गुडघ्यावर बसले, रुमालानं दगड पुसला. "शिल्प आहे हो हे. बोधिवृक्षाचं पान! लेण्यांच्याच काळातलं असणार, झीज बघा ना. हजार वर्षांच्या आतलं नाही."

"असंल, असंल," सासरे म्हणाले.

सासूनं माझ्या तोंडाचा रंग पाहिला असावा. ती माझ्या अगदी जवळ येऊन उभी राहिली. तेवढ्यात बाभळींतून शेळ्या आल्या आणि त्यांच्या मागून एक म्हातारी. आमची शेजारीण. कुडाच्या घरातली. मी लहानपणी हिच्या ताटात जेवलेली. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

"बघा, बघा," ती म्हणाली. "लई लोकं येऊन राहिलेत बघाया. तुमी कुठल्या, बाई?"

ती मलाच विचारत होती. नणंद जरा मागे उभी होती, मुलाच्या आईनं प्रेमानं तिच्या खांद्यावर हात ठेवलेला.

"नांदेडची," मी म्हणाले.

"हाव. नांदेड लई लांब हाय." तिनं नजर काढून घेतली.

पाहुण्यांनी विचारलं, "आजी, हे देऊळ होतं का इथं?"

"कशाचं देऊळ. आमच्या गुरुजीचं घर व्हतं. दगडाचं. आमी छपरातले वाचलो, त्यो दगडातला गेला. बायकू, दोन लेकरं. समदी."

"अरेरे. कोणीच राहिलं नाही?"

म्हातारी शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "एक लेक व्हती. लातूरला शिकाया. दिली कुठंतरी. आसंल सुखात."

पाहुण्यांनी हात जोडले, खोटं कशाला सांगू. मुलाच्या आईनं डोळ्याला पदरही लावला. मग ते म्हणाले, "मास्तरांना नजर होती पण. कुठल्यातरी जुन्या अवशेषातून उचलून आणला असणार हा दगड. चला, एक फोटो हवाच." दोघं नवरा-बायको पायरीवर बसले. कॅमेरा त्यांनी माझ्याकडे दिला. "सूनबाई, हे बटण. पान आलं पाहिजे हं."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आई जिथं बसून तांदूळ निवडायची, तिथं ती बाई बसली होती. उठा म्हणावं, माझं घर आहे, उठा! शब्द पार दातांपर्यंत आले होते. बोलले असते तर नणंदेचं मोडलं असतं, हे खरं. पण कारण तेवढंच नव्हतं. त्या काचेतून पहिल्यांदाच मला आमचं दार नीट दिसलं, आणि बटण दाबेपर्यंत ते माझ्यासमोर राहणार होतं. मी शक्य तितका उशीर केला.

"झालं का गं?" मुलाची आई हसता हसता म्हणाली.

मी बटण दाबलं.

परतताना जीपमध्ये सासूनं माझा हात हातात धरून ठेवला होता. मी तो सोडवून घेतला. पुढे मी तिचं सगळं केलं, शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हाही, पण तिनं धरलेला तो हात मला अजून नकोसा वाटतो.

नणंदेचं लग्न झालं. ती सुखात आहे. नवऱ्याची बदली लातूरला झाली, सासू-सासरे गेले, आणि मग एक दिवस मी एकटी एसटीनं गावाला गेले. थेट आडापाशी, तिथून घराकडे. पायरी नव्हती. नुसता खड्डा होता, त्यात गवत उगवलेलं. म्हातारी नव्या गावात सापडली, आता डोळ्यांनी अधू झालेली.

"तुज्या त्या पाव्हण्यानं म्हणलं न्हवं, लई जुनं हाय म्हणून? तुमचा जीपवाला समद्यांला सांगत फिरला. मंग एक दिवस ट्रॅक्टर आला. कुणी नेलं, कुठं नेलं, काई ठाव न्हाई."

"मावशी, तू मला तेव्हा ओळखलं होतंस?"

"न ओळखाया काय झालं? बापाचं नाक घिऊन हिंडतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नांदेड म्हणलीस," ती म्हणाली. "मी काय म्हणू?"

हजार वर्षांचा म्हणून तो दगड कुठल्यातरी बंगल्याच्या बागेत पडला असेल, किंवा शेंदूर लावून कुणी पुजतही असेल. मास्तरांच्या दारचा म्हणून तो कुणाला नको होता. वडिलांचा तेवढाही माग राहू दिला नाही, याचा मला अजून संताप येतो.

माझ्याकडे आमच्या घराचा एकच फोटो आहे, तो. पुण्याहून लग्नाच्या फोटोंबरोबर आला होता. मी तो मागून घेतला, पुढे चौकट करून लावला. दोघं पायरीवर बसून हसताहेत आणि त्यांच्या पायांच्या मधून पान दिसतं, वाकड्या टोकासकट. एकदा कात्री घेऊन बसले होते. पण माणसं कापायला गेलं की पायरीही जाते, म्हणून तसाच ठेवला.

परवा वरची एक मुलगी लेणी बघून आली आणि डबा द्यायला खाली आली. फोटोपुढे थांबली. "काकू, हे तुमचे आईबाबा ना?"

"नाही गं," मी म्हणाले. "ते पाहुणे. पायरी आमची आहे."