नावाचा अर्धा इंच

आमचं गोंदियात हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप, नळ, एल्बो, सॉकेट, टी. सकाळी शटर उघडलं की दुकान बंद होईपर्यंत माझ्या तोंडी एकच शब्द, इंच. अर्धा इंच, पाऊण इंच, सव्वा इंच. आणि गंमत सांगू? अर्धा इंची लोखंडी पाइप घ्या, पट्टी लावा, आतून मोजा, बाहेरून मोजा, बरोबर अर्धा इंच कुठंच भरत नाही. नवीन गिऱ्हाईक भांडायलाच येतं, ‘भैया, ठग रहे हो क्या?’ मी समजावतो, बाबा रे, हे नावाचं माप. खरं माप वेगळं. नळ बसतो की नाही ते पाहा अन् घरी जा. हे ज्ञान मी रोज फुकट वाटतो. स्वतःसाठी मात्र चिमूटभर ठेवलं नाही, आणि त्यापायी माझं लगन मोडता मोडता राहिलं.

विषय नाजूक आहे, पण आता लपवून काय लोणचं घालायचं? आमच्याकडचा गडी आपल्या मूळव्याधीबद्दल पानठेल्यावर उभा राहून चारचौघांत बोलेल. पण ‘ते’ आपलं पुरेसं आहे की नाही, ही शंका तो चितेवर घेऊन जाईल. त्यावरचे जोक मात्र पोत्यानं सांगेल.

तिशीला टेकलो होतो तेव्हा माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. पोरगी गोंदियाच्या पुढच्या सालेकसाची, तिथल्याच तहसील कचेरीत कामाला. हसरी, बोलायला तिखट. मला तर पाहिल्याबरोबर आवडली. साक्षगंधाच्या जेवणात एका दोस्तानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, ‘आपला माल तपासून ठेव बे, नंतर वापस नाही होत.’ सगळे खी खी हसले. मीही हसलो. घरी येऊन मोबाइल काढला आणि शोधलं, नॉर्मल म्हणजे किती? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

एका पानावर आकडा होता. इथं मी तो लिहिणार नाही. लिहिला की वाचता वाचता तुम्ही पट्टी शोधायला उठाल. मी उठलो होतो. आता आमच्या दुकानात मोजायच्या टेपची काय कमी! दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मागच्या गोदामात शिरलो. एक सांगून ठेवतो, या कामाला स्टीलचा टेप घेऊ नये. तो सटकन परत जातो. जास्त विचारू नका.

मोजलं आणि मटकन खालीच बसलो. त्या आकड्याच्या अर्ध्यावरसुद्धा आपली गाडी पोचत नव्हती. हे नॉर्मल असेल तर मी कोण? मला खरंच रडू आलं. आणि मोजणं एकदा सुरू झालं की थांबत नाही, हेही तेव्हाच कळलं. सकाळी मोजून पाहिलं, आंघोळीनंतर मोजून पाहिलं. थंडीत तर मोजूच नये.

मग तेल आलं. रेल्वेच्या भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती लहानपणापासून पाहत आलो होतो, त्यातलीच एक कामी आली. बाटली मी कपाटात कपड्यांमागे लपवली. आठवड्याभरात पाहतो तर निम्मी खाली! बाबा ओसरीत पाय पसरून गुडघे चोळत होते. म्हणाले, ‘कोनतं तेल आहे गा हे? मस्त आराम पडून राहिला.’ मी म्हटलं, ‘आयुर्वेदिक आहे.’ ‘आनखी एक आनजो.’ आणली. काय करता! बाबांचे गुडघे सुधारले. माझं जिथल्या तिथं.

हसून सांगतो आहे, पण तेव्हा जीव टांगणीला होता. लगनाची गोष्ट निघाली की मी काहीतरी काढायचो. आधी म्हटलं, धानाचा हंगाम होऊ द्या. आम्हाला शेत नाही, पण आई बिचारी ‘हो’ म्हणाली. मग म्हटलं, बाबांचे गुडघे. बाबा तर तेव्हा टणाटण चालत होते! तिचे फोन यायचे, मी ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणून ठेवून द्यायचो. शेवटी तिच्या मोठ्या भावानं आईला फोन केला, ‘काकू, हो की नाही ते रविवारपर्यंत सांगून द्या. आम्हाले दुसरीकडं पाहाले बरं.’ आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘काऊन असा करून राहिला तू? कोनती दुसरी आहे का?’ मी नाही म्हटलं. ‘मंग?’ आता मंगचं उत्तर आईला काय देणार, डोंबल?

मी नागपूरची गाडी पकडली. गोंदियातल्या डॉक्टरकडे जाणं शक्यच नव्हतं, अख्खं गोंदिया आमचं गिऱ्हाईक. नागपुरात ‘त्वचा व गुप्तरोग’ पाटी पाहून आत शिरलो, तर बाकावर कोण? आमच्याच दुकानातून माल नेणारा गोंदियाचा प्लंबर! दोघंही दचकलो. तो आधी बोलला, ‘दाद आहे भाऊ, नायटा.’ मी म्हटलं, ‘मलाही.’ मग दोघं मान खाली घालून, कुठंही खाजत नसताना, थोडं थोडं खाजवत बसलो.

डॉक्टर वयस्कर, हिंदी बोलणारे. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, ‘सब ठीक है. तकलीफ क्या है?’ मी म्हटलं, ‘साइज कम है, डॉक्टरसाब.’ ‘किसने बोला?’ मी मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे पाहिलं.

‘धंदा क्या करते हो?’

‘हार्डवेअर. पाइप-फिटिंग.’

‘तभी,’ ते म्हणाले. ‘बेटा, ये सेंटीमीटर है.’

आकड्याच्या पुढे बारीक अक्षरांत ‘सें.मी.’ लिहिलं होतं. मी इतके महिने ते इंच म्हणून वाचत होतो! डॉक्टर पोट धरून हसले. मग म्हणाले, त्यांच्याकडे हे दुखणं घेऊन येणारे बहुतेक असेच असतात, चांगले धडधाकट. माणूस स्वतःचं वरून पाहतो, म्हणून ते आखूड दिसतं. आणि त्या घाणेरड्या व्हिडिओतलं पाहून घरचं मोजू नये. ‘शादी करो और टेप दुकान में रखो.’

मी बाहेर आलो तो उडतच. परतीच्या गाडीत बसलो आणि गोंदिया आलं तरी उतरलोच नाही. तिला फोन लावला, म्हटलं, सालेकसाला येतो आहे, स्टेशनवर ये. ती फक्त ‘बरं’ म्हणाली.

कचेरी सुटली होती, ऊन उतरलं होतं. ती फलाटाच्या टोकाला बाकावर बसली होती. उन्हाळ्याचे दिवस, बाजूला कोणीतरी मोहफुलं वाळत घातलेली, त्यांचा वास सगळीकडे. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, ‘उंचीचंच असंन तं सांगून द्या जी. उगाच तारखा कायले वाढवता?’

‘कोणाची उंची?’

‘माझी. बायोडाटात पाच फूट लिवलं आहे. मी तेवढी नाही. साक्षगंधात मोठ्या टाचेची चप्पल घातली होती. तुमची मावशी म्हनली होती, पोरगी ठेंगनी दिसते. मले वाटलं, तुमाले समजलं.’

तिनं चपला काढल्या, बाजूला सारल्या आणि फलाटावर अनवाणी माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या छातीला लागत होती. ‘हे माझं खरं माप,’ ती म्हणाली. ‘पसंत नसंन तं आताच सांगा.’

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी गोदामात टेप घेऊन बसलो होतो तेव्हा ही बाई आरशासमोर टाचा उंचावून पाहत होती. माझ्या मुक्या तोंडानं तिला लहान केलं होतं.

मग मी सांगितलं. सगळं. तेल, बाबांचे गुडघे, प्लंबरची दाद, सेंटीमीटर. आधी तिला कळेचना. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. तर हसत होती! हसता हसता मग रडलीसुद्धा, आणि मग चिडली. ‘म्हनजे इतके दिवस माझ्या डोळ्याले डोळा नाही, ते तुमच्या इंचापायी? आवो, वाचता येत नाही का तुमाले?’ मी म्हटलं, येतं, पण दुकानदारासारखं. चपला तिनं पिशवीत टाकल्या आणि घरापर्यंत अनवाणी गेली. मी तिला सोडायला गेलो, आणि रविवारची वाट न पाहता तिच्या भावाला तारीख मागितली.

आमच्याकडे हार घालताना दोस्त नवरदेवाला वर उचलतात, म्हणजे नवरीचा हात पोचू नये. माझे तर आधीपासून टपलेलेच. तो थाप मारणारा दोस्त सगळ्यांत पुढे. मांडवात बोंबाबोंब सुरू झाली, ‘झुकू नको बे! मर्द है, झुकना नहीं!’ ती समोर उभी, हार हातात, पायात साधी सपाट चप्पल. दोस्तांचे हात माझ्या कमरेपर्यंत यायच्या आत मी मान खाली घातली, चांगली खाली, तिच्या कपाळाजवळ. मांडवभर ‘अरे अरे’ झालं. हार गळ्यात पडला, आणि तो नीट करता करता ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, ‘मोजून झुकले का जी?’