गेणूतात्या पंप निवडतात

डिंगोऱ्याचे गेणूतात्या कुठल्याही कार्याला यजमानाच्या आधी हजर असत. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरायची, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, चष्मा पुसायचा आणि निकाल द्यायला सुरुवात करायची. हळू आवाजात निकाल देणं त्यांना मान्य नव्हतं. "नवरी बरी दिसती. फोटोवाल्यानं लई कष्ट घेतल्यात." "मठ्ठा केलाय का भांडी इसळल्यात?" एकदा ओतूरला दशक्रियेत प्रवचनकार महाराज फार लांबले, तर तात्या उठून म्हणाले, "मेलेला बरा व्हता राव, निदान गप तरी बसायचा." मयताचा मुलगा रडता रडता हसला आणि मग हसल्याबद्दल पुन्हा रडला. पार आणे गावापर्यंतचे लोक लग्नाची तारीख काढताना, तात्या त्या दिवशी दुसरीकडं कुठं अडकलेत का, याची आधी चौकशी करत. आता तात्या गेले, म्हणून मी हे मोकळेपणानं लिहितोय. ते असते तर छापून यायच्या आधीच निकाल लागला असता.

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं वाढदिवसाच्या सामानाचं दुकान आहे. फुगे, झालरी, टोप्या, पिपाण्या. दुकान नवं असताना नारायणगावला एका साखरपुड्याचं स्टेज मी जीव ओतून सजवलं. तात्यांनी ते खालून वर, वरून खाली पाहिलं. "ह्यापरीस पोल्ट्रीचं शेड बरं. तितं कोंबड्या तरी असत्यात." सगळा मांडव हसला. मीही हसलो. काय करणार, त्या स्टेजकडे पाहिल्यावर मलाही कोंबड्याच आठवायला लागल्या होत्या.

ही जीभ तात्यांनी स्वतःच्या घरातही म्यान केली नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप. त्याच्या लग्नात पाठवणीच्या वेळी मुलीचे वडील, मंचरचे बटाट्याचे व्यापारी, लेकीला मिठी मारून हुंदके देत होते. भला, मऊ माणूस. तात्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून साऱ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हणाले, "व्याही, रडू नका. वाटल्यास परत न्या. आमचं काय अडलंय!" वऱ्हाड हसलं. सूनबाई हसली नाही. महिन्याभरात संदीप बायकोला घेऊन पुण्याला राहायला गेला आणि त्याचं गावाकडं येणं बंद झालं. नातीचं बारसंसुद्धा तात्यांनी फोनवरच्या फोटोत पाहिलं. "पाळणा वाकडा बांधलाय," एवढंच म्हणाले, पण तो फोटो त्यांनी सगळ्या गावाला दाखवला.

तात्यांच्या बायकोनं रडून, विनवून अखेर लेकाला कबूल करवलं: नातीचा पहिला वाढदिवस डिंगोऱ्यात. व्याहीही येणार. झालं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या मांडवात निकाल देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात मांडव पडणार होता. सगळा तालुका यायला उत्सुक होता आणि ते तात्यांना चांगलं ठाऊक होतं. ते दुकानात आले तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. फार बरं वाटलं.

"फुगं पायजेत. फाटकापासनं स्टेजपतुर कमान. आन् फुगवायला पंप दाखव."

मी हातपंप काढला. "हा बघा तात्या. ओढला तरी हवा जाते, दाबला तरी जाते."

"आमच्या ढोराच्या डॉक्टरकडं असलीच सुई हाय. म्हशीला टोचतोय."

"एवढ्या फुग्यांना तो पुरायचाही नाही, खांदे निखळतील. हा पायानं दाबायचा."

"म्हंजी नातीच्या वाढदिवसाला आजानं नाचायचं? दुसरं काढ."

"मग हाच घ्या. विजेवरचा. दोन तोंडं आहेत, एका वेळी दोन फुगे. फक्त थोडा वेळ चालवला की तापतो, मधे गार होऊ द्यायचा."

तात्यांनी तो उचलून पाहिला. मला वाटलं, पटला. "दोन तोंडाचा आन् मधी मधी झोपतोय. आमचा सरपंच हाय असला." त्यांनी पंप ठेवून दिला. "ह्ये बघ, हवेचा बाप हाय माज्या घरात. बागेतला ब्लोअर. नुसतं तोंड लावलं की फुगा टम्म."

तात्यांची द्राक्षबाग होती. पाठीवर अडकवायचा, पेट्रोलवर चालणारा तो ब्लोअर वेलींवर गंधकाची भुकटी उडवायचा. मी म्हणालो, "तात्या, त्यातनं गंधक मारता तुम्ही."

"टाकी पुसून घेतलीय. मला शिकवतो व्हय रं? तू फुगं बांध."

मी फुगे बांधून दिले. आमंत्रण नसतं तरी मी त्या वाढदिवसाला गेलो असतो. सुदैवानं होतं.

कमान देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू. लाल, जांभळ्या, जाड रबराच्या फुग्यांत आत काय आहे ते दिसत नव्हतं. स्टेजवर मधोमध तो मोठा फुगा टांगला होता, ज्यात गोळ्या-चॉकलेटं भरतात आणि केक कापताना फोडतात. खाली संदीपच्या कडेवर ती चिमुरडी, शेजारी सूनबाई, पुढं व्याही. तात्यांनी काठीला टाचणी लावली, लोकांकडं एकदा विजयी नजरेनं पाहिलं आणि फुगा फोडला.

चॉकलेटं पडली. त्यांच्यामागोमाग पिवळा धुरळा उतरला. टाकी पुसली होती, पण पाइपाच्या आतल्या घड्यांत साठलेली भुकटी तशीच होती, ती ब्लोअरनं इमानानं फुग्यांत भरली होती. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटलं तात्यांनी भंडारा उधळला. "यळकोट यळकोट, जय मल्हार!" दोघींनी पुढं होऊन तो कपाळालाही लावला. तोवर पोरांनी कमानीवर हल्ला चढवला होता. फट् फट् फट्! साऱ्या मांडवात पिवळं धुकं, आणि मग शिंका, खोकला, डोळे चोळणं. माणसं एकमेकांना धरून नळ शोधत होती. आणि या सगळ्याच्या वर त्या पोरीची किंकाळी. डोळे घट्ट मिटलेले, पापण्यांवर पिवळी भुकटी.

संदीपनं तिला उचलून नळावर नेलं, तिथून ओतूरच्या दवाखान्यात. डोळे वाचले. गाडी तिकडूनच परस्पर पुण्याला गेली. त्यांच्यामागं स्वतःच्या गाडीनं निघताना व्याही मांडवात परत आले. चेहरा हळद लागल्यासारखा. चष्मा शांतपणे पुसून म्हणाले, "गेणूभाऊ, रडू नका. तुम्हीच तेव्हा म्हणाला होता, परत न्या. नेतो."

तात्या टोपीवरची पिवळी भुकटी झटकत राहिले. मी मांडवामागं जाऊन उसाच्या ढिगावर बसलो आणि पोट दुखेपर्यंत हसलो. तिथं आधीच चौघं हसत बसले होते.

त्यानंतर तालुक्यानं जुने हिशेब चुकते केले. तात्या एखाद्या लग्नात दिसले की मागून कुणीतरी मोठ्यानं शिंकायचं. मग दुसरा. मग अख्खी रांग. तात्यांनी कार्यांना जाणं सोडलं. पुण्याहून फोन येत नव्हता.

वर्ष होत आलं तेव्हा ते पुन्हा माझ्या दुकानात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"त्ये दोन तोंडाचं काढ."

"का तात्या, हवेचा बाप आजारी आहे का?"

"काढ रं."

"तापतो हो तो. मधे झोपतो."

"झोपू दे." त्यांनी टोपी काढली. "पोरगं यायचं म्हणतंय. त्याच्या आईनं पाय धरलं तवा. पर यंदा काय झालं तर मी मेलो तरी यायचा न्हाई, आसं बोललाय."

"आणखी काय बोलला?"

"'साधं करा' म्हनला. साधं म्हंजी? दारात कायच न्हाई? लोकं काय म्हणतील?"

मी त्यांना सगळं समजावलं. फुगे गच्च भरायचे नाहीत, उन्हात तडकतात. पंप सावलीत ठेवायचा. त्यांनी शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं. फुगवायला मलाच बोलावलं, आणि शेजारी उभे राहून प्रत्येक फुगा हातात घेऊन उजेडात धरून, वास घेऊन पाहिला. नुसती स्वच्छ हवा. कमान गेल्या वर्षीपेक्षाही देखणी झाली.

गाडी फाटकाशी थांबली. तात्या कमानीखाली हात पसरून उभे. सूनबाईनं दार उघडलं, मांडीवरच्या पोरीनं बाहेर पाहिलं, आणि ती जी किंचाळली! आईच्या पदरात तोंड खुपसलं, पाय झाडायला लागली.

"वर्षभर असंच आहे," सूनबाई म्हणाली. "फुगा दिसला की असं करते."

"म्हटलं होतं ना साधं करा?" संदीप म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

तात्यांनी माझ्या हातातली झालरीची टाचणी हिसकावली. "थांब बाळा, घालवतो! समदं घालवतो!" आणि ते फाटकापासूनच फोडत सुटले. फट्! फट्! म्हातारा टोपी सावरत, उड्या मारत, धापा टाकत कमान फोडतोय, हे दृश्य खरोखर बघण्यासारखं होतं. फक्त प्रत्येक आवाजाला गाडीतून किंकाळी येत होती, आणि प्रत्येक किंकाळीला गाडी मागं सरकत होती. मी ओरडलो, "तात्या, थांबा!" त्या फटाफटीत त्यांना काय ऐकू जाणार? त्यांची पाठ रस्त्याकडं होती. गाडी वळली, डांबरीला लागली.

तात्या स्टेजपाशी पोचले, शेवटचा फुगा फोडला आणि घाम पुसत माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू होतं.

"एक बी ठेवला न्हाई. जा, आता बोलाव त्यान्ला."