फुलपात्राएवढी मोकळी जागा

मंडळी, आज खंडेनवमी. सकाळी परभणीत मैदानावर काही जण रिमोटवर उडणारी छोटी जेट विमानं मांडून पूजा करत होते. मी थांबलेच.

"भाऊ, याचं इंजिन केवढ्याला?" मी एकाला विचारलं.

"दोन लाखांच्या वर, मावशी. विमान परवडतंय, इंजिन न्हाई परवडत. घ्यायचंय का?" तो हसला.

मीही हसले. माझे मालक मानवतला मास्तर होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात एसटी बंद राहिली की घरी बसून असंच एक लाकडी विमान करायचे. इंजिनासाठी त्यांनी आत फुलपात्राच्या मापाची जागा मोकळी ठेवली होती. परदेशात कुणी असं इंजिन बनवायलेत, एवढंच त्यांनी वाचलेलं. म्हणायचे, "पुढं स्वस्त होईल. तवर याची पूजा करू नको, अर्धं हाय ते."

ते जाऊन बारा वर्षं झाली. दर खंडेनवमीला मी त्यांची करवत, पक्कड पुजते. विमान तेवढं फळीवरच राहतं.

आज त्या भाऊनं एक सुटं इंजिन माझ्या हातात दिलं. घेर फुलपात्राएवढाच.

घरी येऊन विमान खाली काढलं, पुसलं आणि त्या मोकळ्या जागेत झेंडूचं फूल ठेवलं. त्यांच्या फोटोला सांगितलं, "स्वस्त काही झालं न्हाई. पण जागा तुमी बरोबर ठेवली होती."

तुमच्याही घरात कुणाचं असं अर्धं राहिलेलं काही आहे का? त्याचं तुम्ही काय करता?