निरगाठदादा आणि तीन मजली केक

मालधक्क्यावर त्यांना सगळे निरगाठदादा म्हणत, आणि ते नाव त्यांनी आयुष्यभर मिरवलं. कपाट असो की काचेचं टेबल, दादांनी आवळलेला माल ट्रक उलटला तरी सुटायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. सुरगाठ मारणाऱ्या माणसाशी ते धड बोलतही नसत. घरातली एखादी बरणी त्यांनी बंद केली, की ती उघडायला पुन्हा त्यांनाच हाक मारावी लागे. बायको म्हणायची, "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

ते निवृत्त झाले तेव्हा सुनेने पुढच्या खोलीत केकचा धंदा थाटला होता. दादांकडे एक जुना छोटा टेम्पो होता आणि दिवसभर करायला काही नव्हतं. "केक मी पोचवतो," ते म्हणाले. सुनेला फार आनंद झाला. तो पहिल्या मोठ्या केकपर्यंत टिकला.

तो केक दादांनी आपल्या पद्धतीने बांधला, म्हणजे खोक्याला कंबर येईपर्यंत दोर आवळला. खोकं तसूभर हललं नाही. पण रस्त्यातला प्रत्येक खड्डा गाडीतून थेट केकात शिरला, आणि सभागृहात पोचेपर्यंत वरचा मजला खालच्या मजल्यात राहायला आला होता. सुनेच्या बहुतेक ऑर्डरी याच सभागृहाच्या. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "शनिवारी लग्नाचा तीन मजली केक आहे. तोही असाच आला, तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

घरी आल्यावर सून हळूच म्हणाली, "बाबा, राग मानू नका. शनिवारी मी भाड्याची गाडी सांगते."

दादांना राग आला असता तर परवडलं असतं. त्यांना लाज वाटली. जगाचा माल त्यांनी सुखरूप पोचवला होता आणि घरचाच फुटला होता. "त्याआधी एकदा करून दाखवू दे," ते म्हणाले. "नाही जमलं, तर टेम्पोची किल्ली तुझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या दुकानातून हुकवाल्या इलॅस्टिक दोऱ्या आणल्या. आत रबराचे धागे, वर विणलेलं कापड. या दोऱ्यांना ते आजवर पायजम्याची नाडी म्हणत आले होते. टेम्पोत त्यांनी लोखंडी चौकट बसवली, तिला त्या दोऱ्यांनी चारही कोपऱ्यांत एक फळी टांगली आणि फळीवर पाण्याने भरलेला टब ठेवून निघाले. पहिल्याच गतिरोधकावर टब वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. गतिरोधक मागे पडला तरी टबाचा नाच चालूच. दादा ओले, टेम्पो ओला.

"आंघोळ झालीच आहे," बायको म्हणाली, "आता जेवूनच घ्या."

जेवण बाजूला ठेवून दादा एक दोरी ताणत आणि सोडत बसले. साधा दोर धक्का जसाच्या तसा पुढे ढकलतो. ही बया धक्का पोटात घेते, पण ठेवून घेत नाही, लगेच परत करते. मग फळीला खालूनही ओढ हवी! त्यांनी फळीला खालच्या बाजूनेही दोऱ्या लावल्या, आणि वरच्या-खालच्या सगळ्या आधीच निम्म्या ताणून ठेवल्या, म्हणजे उसळीत एकही सैल पडू नये. दोऱ्या कमी झाल्या तर फळी तळाला टेकायची. जास्त झाल्या तर पुन्हा दोराइतकीच ताठ. अति तिथे माती, हे दादांना या वयात पटलं. कमी पडली म्हणून घरातून शोधून लावलेली, उन्हाने विटलेली एक जुनी दोरी तुटून तिचा हुक कानाजवळून सणसणत गेला, तेव्हा घरातल्या सगळ्या जुन्या दोऱ्या कचऱ्यात गेल्या. शेवटी उरलासुरला नाच जिरवायला त्यांनी फळीच्या कडांना घासतील अशा जुन्या गोधडीच्या घड्या ठासल्या.

सून चाचणीला आली ती दुधाने पोळलेलं तोंड घेऊनच. चक्कर मारून झाल्यावर तिने टबात डोकावून पाहिलं, भोवतालच्या कोरड्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शनिवारी तुम्हीच."

तरी शनिवारी तिने डागडुजीला क्रीमचा डबा मांडीवर घेतलाच. सभागृहाजवळचा रस्ता नेमका खणून ठेवलेला. दादांनी टेम्पो दगडधोंड्यांच्या गल्लीत घातला. सुनेने डोळे गच्च मिटले. पुढे दोघांची हाडं खिळखिळी होत होती, आणि मागे केक राजासारखा झुलत येत होता.

सभागृहात खोकं उघडलं. तिन्ही मजले सरळ उभे. वरच्या साखरेच्या फुलाची कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पाकळीसुद्धा शाबूत.

"जिंकलो!" दादा इतक्या मोठ्याने ओरडले की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर धावली. त्यांची छाती आनंदाने फुटायची बाकी होती, आणि ते लहान मुलासारखे हसत होते. सुनेने क्रीमचा डबा न उघडताच तिथल्या वाढप्याला देऊन टाकला.

मॅनेजरबाईंनी केकभोवती दोनदा फेरी मारली. "पुढच्या महिन्यात पाच मजल्यांचा हवाय. घ्याल का?"

सून एरवी प्रश्न संपायच्या आत हो म्हणाली असती. आज तिने सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "बाबांना विचारा. ते हो म्हणाले, तरच मी ओव्हन पेटवते."

माल कुठे न्यायचा, हे दादांना उभ्या जन्मात हजार जणांनी सांगितलं होतं. नेणार का, असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सदरा नीट केला.

"घेऊ," ते म्हणाले. "फक्त वजन आधी सांगा."