टाचेची हाक

माझ्या शिवांशचे कान तपासायचे, हे माझं ठरलंय. पण मग अव्वांचं काय होईल, ही काळजी काही केल्या जात नाही.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, शांतव्वा. माहेर निपाणीकडचं. खाली आमचं गुळाचं दुकान, वर लाकडी माडीवर आम्ही राहतो. अव्वा वरून बोलल्या की खालचे हमाल ‘व्हय, व्हय’ करतात, असा आवाज.

त्या आवाजालाही शिवांश वळत नाही. दहावा महिना लागलाय त्याला. जोतिबावर ‘चांगभलं’च्या गजरात तो अव्वांच्या खांद्यावर गाढ झोपला होता. अव्वा येईल त्याला सांगत होत्या, “बघा, कसं गुणाचं पोर हाय! कशाला म्हणून दचकत न्हाय.”

मी डॉक्टरांचं नाव काढलं की सारं घर एक होतं. महांतेश, माझा नवरा, म्हणतो, “मी तरी कुठं लवकर बोललो?” अव्वा म्हणतात, “बीएस्सी झालीस न्हवं? जरा दम धर की. घरात कानडी बी, मराठी बी. लेकरानं वळायचं तरी कुठल्या भाषंत?” सगळे हसतात. मलाही हसावं लागतं.

आज दुपारी मी त्याच्या पाठीमागे बसून ताट बडवत होते. तो आपला चेंडूशी खेळत होता. अव्वा दारात आल्या आणि त्यांनी माडीच्या लाकडी जमिनीवर टाच आपटली; माझ्याखालची फळीसुद्धा हादरली. शिवांश झटक्यात वळून हसला.

“बघ! ऐकतंय की!”

मी त्याला उचललं, खाली दुकानात नेऊन दगडी फरशीवर बसवलं. “अव्वा, आता आपटा.”

त्यांनी आपटली. तो वळला नाही. पुन्हा आपटली, जोरात. तरी नाही.

अव्वा गुळाच्या ढेपांना टेकून खालीच बसल्या. “अण्णासोला अशीच हाक मारायची मी,” म्हणाल्या. अण्णासो त्यांचा धाकटा भाऊ. जन्मभर गुऱ्हाळावर राबला आणि तिथंच गेला, एवढंच मला ठाऊक होतं. “शाळंत घातला न्हाय त्याला. गाव मरंपातुर मुका म्हणत हुतं. नाव कुणी घेतलंच न्हाय.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मला न्हाय. माझ्या पायाला ठावं हुतं.”

आता कानाला यंत्र मिळतं, शाळा असतात, असं मी परोपरीनं सांगितलं. त्या बघत होत्या शिवांशकडे, दिसत होता अण्णासो. रात्री वाढताना महांतेशला म्हणाल्या, “पोर बेस हाय आपलं.” त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली, झालं एकदाचं मिटलं अशी.

आता सगळे झोपलेत. पाळण्याची दोरी अव्वांच्या मुठीत आहे, झोपेतही सुटलेली नाही.

सकाळी कानाच्या दवाखान्यात फोन लावणार आहे, महांतेशला न विचारता. बाळाबरोबर कोण येणार असं विचारलं, तर सांगेन, मी आणि त्याची आज्जी.