डोळ्यात उतरलेलं तांबं

नागपूरच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला एका यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली. त्याला स्लिट लॅम्प म्हणतात. प्रकाशाची बारीक रेघ डोळ्यात सोडून आतलं बघतात. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्यावर माझ्याच डोळ्याचा फोटो दाखवला. बुबुळाच्या कडेनं सोनेरी-तपकिरी कडं होतं.

"हे तांबं आहे," त्या म्हणाल्या.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, आधी मला ते सुंदर वाटलं.

मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण कुणाची कावीळ पुन्हा पुन्हा उलटत असेल, तर त्यांच्या कामी येईल, म्हणून लिहिते.

आजाराचं नाव विल्सन डिसीज. जेवणातून सगळ्यांच्याच पोटात थोडं तांबं जातं. जास्तीचं यकृत बाहेर टाकतं. माझ्या यकृताला ते जन्मापासून जमत नाही. ते साठवत राहतं, आणि भरलं की तांबं रक्तातून डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंतही पोचतं. बीएस्सीला मी तांब्याचा अणुक्रमांक पाठ केला होता. ते माझ्या आत इतकी वर्षं जमा होत होतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

सुरुवात थकव्यानं झाली. मी कॉलेजसाठी फुलचूरला खोली करून राहते. कॉलेजचा जिना चढताना दम लागायचा, मग पाय सुजले, डोळे पिवळे झाले. नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी गेले. सगळे म्हणाले, कावीळ. आईला कुणीतरी सांगितलं, तांब्यातलं पाणी यकृत धुऊन काढतं. तिनं पाणी भरायचा तांब्याचा गुंड चिंचेनं घासला, रात्रभर पाणी ठेवलं आणि रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून पाजलं. फुलचूरला परतताना एक तांब्याचा लोटाही बॅगेत घातला. सात-आठ महिने मी ते पाणी इमानानं प्यायले. कावीळ मात्र उतरून पुन्हा उलटायची, म्हणून शेवटी नागपूर गाठलं.

तपासण्यांत एक चोवीस तासांच्या लघवीची होती. त्यात किती तांबं आहे ते मोजतात. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन मांडीवर घेऊन मी आणि बाबा नागपूरच्या बसमध्ये बसलो. सडक अर्जुनीला शेजारी एक आजोबा येऊन बसले. कॅनकडे बघून हळूच म्हणाले, "मोहाची हाय का जी?"

बाबा म्हणाले, "नाही जी. दवाखान्याचा माल हाय."

"मंग ठीक हाय," म्हणत ते सरकून बसले. त्या दिवसांत बाबा तेवढेच हसले.

रिपोर्ट आले. लघवीत तांबं कितीतरी जास्त. सोनोग्राफीत सिरॉसिस, म्हणजे यकृतावर वण पडून ते कडक झालेलं. यकृताच्या डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा सोबत आलेल्या आईनंच गुंडातल्या पाण्याचं सांगितलं. ते ऐकून डॉक्टर थांबले. आईला उमगलं.

"म्हणजे मीनंच पाजून राहिली होती का जी इले?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आजार जन्माचा आहे. एक बिघडलेलं जनुक तुमच्याकडून आलं, एक वडिलांकडून. ते पाणी बंद करा, पण दोष घेऊ नका." मग त्यांनी विचारलं, "हिला भावंडं आहेत?"

पल्लवी, माझी धाकटी बहीण, दहावीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात खेळते. तिला कधी साधा तापही टिकत नाही.

"मले काही झालं नाही. कायले टोचून राहिले मले?" ती चिडली.

"टोचून घे वं," आई एवढंच म्हणाली.

तिच्या रिपोर्टला तीन आठवडे लागले. मी माझ्या गोळ्या सुरू केल्या होत्या, पण माझ्याबद्दल विचारच येत नव्हता. ती ताटावर बसली की मी चोरून तिचे डोळे बघायचे. आई देवापुढे बसायची आणि काही न मागता उठायची. मी विचारलं तर म्हणाली, "काय मागू? तिच्यासाठी मागू, तं तू बी माहीच होय."

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. "हिलाही आहे."

आईनं माझा हात धरला. डॉक्टर पुढे म्हणाले, "पण हिचं यकृत अजून चांगलं आहे. रोज गोळी घेतली, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर हिला तुझ्यासारखं आजारी पडावं लागणार नाही. तू आलीस म्हणून ही सापडली."

माझं जे कडक झालं ते पूर्ण मऊ होणार नाही. उरलेलं सांभाळायचं आहे. पण त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या शरीरानं बिघडता बिघडता एक काम करून ठेवलं. कसं सांगावं ते कळत नाही.

तुमच्या घरात कुणाला हा आजार निघाला, तर भावंडांना तपासा. ती कितीही धडधाकट दिसोत.

बाहेर बाकावर पल्लवी माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "ताई, तू पयले बिमार पडली म्हणून तुले थँक्यू म्हणू का?"

मी म्हटलं, "म्हण."